कोंबड्यांचं खुराडं आणि पौषातला सूर्य

“बाकीची कुठे गेली?” सरांनी विचारलं.

निनादनं नकाशा आणखी पुढे सरकवला. सरांच्या नाकाला टेकेल इतका.

“बाकीची म्हणजे कुठली, सर?”

“वर्तुळं रे. आपल्या माळावर किती आहेत, आणि तुझ्या कागदावर किती? निम्मीसुद्धा नाहीत.”

मी चहात साखर घालत होतो, ती जरा हळू घालायला लागलो. कान मोकळे राहावेत म्हणून.

सर म्हणजे देवतळे सर. जन्मभर माती उकरून जुन्या माणसांचा माग काढला. आता वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात भिंग आणि अंगात उलटा स्वेटर. मी त्यांचा स्वयंपाकी दौलत. खोदकामाच्या तंबूत भाकरी थापायला म्हणून आलो आणि सरांच्या मागे इथंच राहिलो. शाळा चौथीपर्यंत. पुढं पाचवीनं मला घेतलं नाही.

निनाद वैरागडे हा सरांचा शेवटचा विद्यार्थी. आता तोही डॉक्टर झाला, पण सुई न टोचणारा. बूट असे चकचकीत की धुळीनंही आधी परवानगी मागावी. सकाळी आल्या आल्या त्यानं माळावर ते उडतं यंत्र सोडलं. घार आली समजून माझ्या कोंबड्या दुपारपर्यंत खाटेखाली.

माळ म्हणजे आमचा खैरमाळ. तिथं काळ्या दगडांची मोठमोठी रिंगणं आहेत. प्रत्येक रिंगणाखाली एक थडगं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं तिथं निजलीत, आणि पुरातत्त्ववाले सोडले तर त्यांची झोप कुणी मोडत नाही. दर रिंगणातल्या एका दगडावर वाटीएवढे खळगे कोरलेले. का कोरले, कुणालाच माहीत नाही.

फार वर्षांपूर्वी सरांनी एका सभेत विचारलं होतं. रिंगणाच्या मधोमध उभं राहून त्या खळग्यांच्या दगडाकडे पाहिलं, तर समोर तीच जागा येते का, जिथं पौषाच्या थंडीत उगवता सूर्य दक्षिणेकडे सरकत सरकत थांबतो आणि मागे फिरतो? त्या लोकांचं आकाशाकडे लक्ष होतं का?

नुसतं विचारलं होतं. पण सभा विद्वानांची. हसून हसून खुर्च्या हलल्या म्हणे. कुणीतरी सरांना ‘सूर्यमास्तर’ म्हणालं, आणि ते नाव गोचिडासारखं चिकटलं.

निनाद ते नाव उपटायला आला होता.

उद्या नागपुरात तशीच सभा होती. तेव्हा हसलेल्यांपैकी जे अजून हयात आहेत ते पुढच्या रांगेत बसणार होते. निनाद तिथं निबंध वाचणार होता, आणि निबंधावर पहिलं नाव देवतळे सरांचं. सरांनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

त्याला घाई होती. सुई टोचणाऱ्या डॉक्टरनं सरांच्या छातीला यंत्र लावून नुसती मान हलवली होती. त्या मानेचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला होता. त्यावर बोलत कुणीच नव्हतं.

“सर,” निनाद म्हणाला, “तुमचं बरोबर होतं. मी सिद्ध केलंय.”

“वा. आणि बाकीची?”

“ती… ती बिघडलेली आहेत, सर. दगड हललेत.”

“कुणी हलवले?”

“गुरांनी. नांगरानं. काही तर रस्त्याच्या ठेकेदारानं खडीसाठी नेले.”

“आणि जी जुळतात, त्यांचे दगड?”

“ते जागच्या जागी आहेत.”

सर भिंग पुसत राहिले.

“म्हणजे ठेकेदार तुझ्याच मताचा होता.”

मला हसू आलं. चहा सांडला. निनादनं माझ्याकडे असं पाहिलं की उरलेला चहाही गार झाला.

“सर, तुम्ही थट्टा करताय.”

“नाही रे बाबा. ठेकेदार विद्वान निघाला याचा आनंद झाला. विचारून बघ एकदा, सूर्य कुठं उगवतो हे कसं ठरवलंस म्हणावं. गुरांनाही विचार.”

निनादचा चेहरा लाल झाला. पोरगं गोरंगोमटं आहे, लगेच रंगतं.

“मी चार हिवाळे या माळावर काढलेत,” तो म्हणाला. “पहाटे कुडकुडत उभा राहिलोय. सगळं मोजलंय. यंत्रानं. काटेकोर.”

“मोजतोस छान. मीच शिकवलं ना.”

“मग हो म्हणा ना, सर.”

…

सरांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. मग म्हणाले, “एक काम करून देशील? सभेला जाण्याआधी?”

“सांगा.”

“हे अंगण मोजून दे.”

निनादला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. मलाही तसंच वाटलं, पण मला ते रोजच वाटतं.

“हे अंगण?”

“हो. असं समज की घर पडलं, आम्ही दोघं मेलो, दोन हजार वर्षं गेली. तुला मातीत हे अंगण सापडलं. कोण राहायचं, माहीत नाही. त्यांचं आकाशाकडे लक्ष होतं का, एवढंच सांग.”

“सर, जीप थांबलीय.”

“ड्रायव्हर जेवतोय. दौलतनं चौथी भाकरी वाढली आहे त्याला.”

वाढली होती खरी. सरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, ड्रायव्हरला पोटभर वाढ म्हणून. तेव्हा मला वाटलं, दयाळूपणा आहे.

निनादनं निमूटपणे तिकाटणं मांडलं, वर यंत्र बसवलं, लॅपटॉप उघडला. आमच्या अंगणात आहे काय? मधोमध रांजण. एका बाजूला चूल. लिंबाचं झाड. धुण्याचा दगड. सरांची खाट. फाटक. कोंबड्यांचं खुराडं. आणि लांब कोपऱ्यात संडास.

सुरुवातीला तो कंटाळत मोजत होता. यापासून ते, त्यापासून हे. आकडे टिपायचे, लॅपटॉपमध्ये घालायचे.

मग त्याचा हात भरभर चालायला लागला.

मग तो रांजणापाशी जाऊन उकिडवा बसला. बुटाला चिखल लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“सर…”

“हं.”

“रांजणापासून खुराड्याच्या दारातून रेघ काढली तर… सर, ती थेट पौषातल्या सूर्योदयावर जाते! एका अंशाचा फरक नाही!”

“अरे वा.”

“आणि हे बघा. चुलीपासून संडास. अगस्तीचा तारा! बरोबर उगवतो तिथं!”

मी कपाळाला हात लावला. अगस्ती ऋषी म्हणजे समुद्र पिऊन टाकणारा माणूस. त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

निनाद उठून उभा राहिला होता. डोळे लुकलुकत होते. “दौलतकाका, तुम्ही हे सगळं मुद्दाम…”

“म्या?” मी म्हणालो. “बाप्पा! मले आजची तिथी ठाऊक नसते, निनादभाऊ.”

“पण हे जुळतंय!”

“जुळतंय ना,” सर म्हणाले. “आणि लिंब?”

“लिंब?”

“लिंब, खाट, फाटक, धुण्याचा दगड. त्यांचं काय झालं?”

“त्यांचं कशाशीच जुळत नाही, म्हणून ते मी…”

तो थांबला.

…

अंगणात फक्त कोंबड्या बोलत होत्या. त्यांना काय, त्या कधीही बोलतात.

निनाद हळूच धुण्याच्या दगडावर जाऊन बसला. ओला होता दगड. मी सांगणार होतो, पण चेहरा बघून गप्प बसलो.

तो म्हणाला, “एवढ्या वस्तू, एवढ्या जोड्या. आकाशात एवढे तारे. काही ना काही जुळणारच.”

“हं.”

“आणि न जुळणारं मी उचलून बाजूला ठेवलं.”

“तू कुठं? ठेकेदारानं.”

या वेळी मी हसलो नाही. सरही हसले नाहीत.

“मला कळत होतं, सर,” निनाद म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “पहिलं वर्तुळ वगळलं तेव्हाच कळत होतं. पण तुम्हाला सूर्यमास्तर म्हणतात ते. चहाच्या सुट्टीत. अजून. माझ्यासमोर म्हणतात. मला वाटलं, एकदा तरी… तुम्ही असेपर्यंत…”



सर खाटेवरून उठले. चाचपडत, एक हात पुढे धरून, त्याच्याकडे निघाले. मी धरायला गेलो तर मलाच ढकललं. धुण्याच्या दगडापाशी पोचले आणि त्याच ओल्या दगडावर त्याच्या शेजारी बसले. आता दोघांचीही धोतर-पँट धुवायची माझ्यावरच.

“निनाद.”

“हं.”

“माझं चुकलं असेल तर मला चुकू दे.”

निनाद मान खाली घालून बसला होता.

“माझी चूक आहे ती. माझ्याजवळ राहू दे. तू तुझा खरेपणा मोडून मला बरोबर ठरवशील, तर मग माझ्याजवळ उरलं काय? चूकही गेली, आणि तूही गेलास.”

मी चुलीकडे वळलो. लाकडं ओली असली की धूर फार होतो, डोळ्यांत जातो. चूल पेटलेली नव्हती, हा भाग वेगळा.

…

विद्वान माणसाचं एक असतं. या टोकावरून हाकललं की तो थेट त्या टोकाला जाऊन उभा राहतो. मधे कुठं टेकत नाही.

निनादनं लॅपटॉप फाडकन मिटला.

“संपलं मग. कशाला काही अर्थ नाही. ती माणसं आकाशाकडे बघतच नव्हती. थडगी बांधली, जो दगड हाताला लागला तो लावला. उद्या हेच सांगतो. माझा निबंध मागे घेतो, आणि वर सांगतो की असल्या रेघा म्हणजे सगळा भंपकपणा.”

“सगळा?”

“सगळा.”

“दौलत,” सरांनी हाक मारली.

“जी.”

“खुराड्याचं दार त्या अंगाला काहून ठेवलंस रे?”

“आता ते काय विचारणं झालं, सर? हिवाळ्यात कोंबड्या फुगून बसतात. बाहेरच निघत नाहीत. अंडी देत नाहीत. दार तिकडं केलं की सकाळचं ऊन सरळ आत घुसते, बुडाले ऊब लागते, आन् निघतात बाहेर. पहिल्यानं दार इकडं होतं, तर दोन पिल्लं गारठून मेली.”

निनादनं मान वर केली.

“म्हणजे तुम्ही… सूर्य बघून दार बसवलंत?”

“सूर्य कायले बघू? कोंबडी बघितली.”

“आणि संडास?” सरांनी विचारलं. “तो तिथं काहून?”

“तो ग्रामपंचायतीच्या मिस्त्रीनं बांधला. बाकी साऱ्या जाग्यावर खाली खडक लागते म्हणे. तिथंच खड्डा पडला.”

“अगस्तीचं काही बोलला का मिस्त्री?”

“नाही जी. सिमेंटचंच बोलत होता. कमी पडते म्हणून.”

निनाद हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. मग दोन्ही एकदमच करायला लागला. माणसाला ते जमतं, कोंबडीला जमत नाही.

मग त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला. बघत राहिला.

“सर, दोन्ही रेघा सारख्याच सरळ आहेत.”

“हो.”

“एक खरी आहे. एक नुसती जुळलीय. आणि कागदावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.”

“हो.”

“मग फरक कळायचा कसा? आज कळला, कारण दौलतकाका समोर बसून बोलतायत. माळावरची माणसं बोलत नाहीत, सर. त्यांना कुणाला विचारायचं?”



सर उठले. या वेळी निनादच्या खांद्याचा आधार घेतला. खुराड्यापाशी गेले, वाकले, आणि स्वेटरची बाही वर न करताच हात आत घातला. आतल्या कोंबडीनं आरडाओरडा केला. बरोबरच आहे, कुणीही केला असता.

हात बाहेर काढला. मूठ निनादच्या तळहातावर उघडली.

निनादचा तळहात स्वच्छ, मऊ. त्यावर ते सगळं.

“काय आहे?”

“शीट आहे, सर.”

“नीट बघ. मी आंधळा, तू कशाला आंधळा होतोस?”

निनादनं बोटानं चिवडलं. “शीट. पीस. अंड्याचं टरफल. हे… ज्वारीचा दाणा.”

“दोन हजार वर्षांनी यातलं काय उरेल?”

“पीस जाईल.” तो विचार करत होता. आता घाई नव्हती त्याच्या बोलण्यात. “टरफलाचे कण उरतील कदाचित. हाडं उरतील. मातीत खारटपणा उतरेल, तो तपासता येईल. दाणा जळका असला तर टिकेल.”

“मग?”

“मग कळेल की इथं कोंबड्या होत्या. मग… दोन लहान पिल्लांची हाडं मिळतील. मग मी विचारीन, पिल्लं का मेली. थंडी. मग दार कुठल्या बाजूला, ते बघीन. आणि एकच खुराडं नाही बघणार. गावातली सगळी बघीन. दहापैकी आठांची दारं तिकडेच असली…”

“आणि दोन नसली तर?”

“तर तीही नकाशावर घालीन.”

“संडासाचं काय?” मी मधेच तोंड घातलं. “तिथंही खणसान?”

“तिथंही,” निनाद गंभीरपणे म्हणाला.

“मग म्या इथं नसीन तेव्हा खणा.”

सरांनी आपला हात धोतराला पुसला. आता ते धोतर दुसऱ्यांदा धुवायचं.

“आधी कोंबडी, बाबा,” ते म्हणाले. “मग सूर्य.”

…

उन्हं कलली. ड्रायव्हर जेवून, झोपून, उठून, तोंड धुऊन जीपपाशी उभा होता.

निनाद खाटेवर बसून नकाशा पुरा करत होता. एकेक वगळलेलं वर्तुळ परत मांडत होता. प्रत्येक वर्तुळापाशी त्याचा हात जरा अडखळायचा. मग रेघ ओढायचा. कुठली उत्तरेला, कुठली भलतीकडेच, कुठली गावच्या दारूच्या दुकानाकडे.

सगळी मांडून झाली तेव्हा कागद म्हणजे सांडलेल्या काडेपेटीसारखा दिसत होता. जुळणाऱ्या रेघा त्या गर्दीत होत्याच. पण आता त्या एकट्या, राजासारख्या दिसत नव्हत्या.

“सर, आता काही दिसत नाही.”

“मला केव्हापासूनच दिसत नाही. सवय होते.”

“उद्या काय सांगू?”

“जे केलंस ते. कुठली वर्तुळं लपवली होतीस, तेही. मग खुराड्याचं सांग. थडग्यात काय काय निघालं ते वाच. मडकी, मणी, घोड्याचा लगाम. त्यांना काय हवं होतं, कशाची भीती होती, कोण गारठून मेलं होतं… ते अजून आपल्याला माहीत नाही, म्हण. आणि शोधतोय, म्हण.”

“आणि सूर्य?”

“तो काही कुठं जात नाही.”

निनादनं निबंधाचा वरचा कागद काढला. त्यावर सरांचं नाव ठळक छापलेलं होतं. तो बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिला. मग घडी करून तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला. डाव्या खिशात. मी आणि ड्रायव्हर पाहत होतो, पण आपण पाहिलं असं कुणी दाखवलं नाही.

“तुमचं नाव पुसायचं राहिलंच, सर,” तो म्हणाला. “म्हणजे ते नाव. त्यांनी ठेवलेलं.”

“राहू दे. मास्तर होतोच मी. सूर्य जरा जास्त झाला, एवढंच.”

तो पाया पडायला वाकला. सर नेहमी पाय मागे घेतात. आज घेतले नाहीत.

जीपमध्ये बसला. बूट चिखलानं माखलेले, पँट मागून ओली, हाताला खुराड्याचा वास. मी साबण पुढे केला होता. नको म्हणाला. आता नागपूरपर्यंत ड्रायव्हर बिचारा नाक धरून गाडी चालवणार.

सर फाटकापर्यंत आले. जीपच्या दारावर हात ठेवून उभे राहिले.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. निनादनं त्याला थांबायला सांगितलं.

“सर.”

“बोल.”

“मी असं सगळं सांगितलं, की उद्या ते मलाही हसतील.”

“हसतील.”

“पुढच्या रांगेतले सगळे.”

“ते तर पोट धरून.”

“मलाही नाव ठेवतील. कोंबडीमास्तर वगैरे.”

“ठेवतील की. ते काम चांगलं जमतं त्यांना.”

निनाद हसला नाही. सरांच्या हातावर आपला हात ठेवला.

…

सरांनी दुसरा हात उचलला. हवेत जरा शोधलं, तेव्हा निनादचं डोकं सापडलं. केसांतून दोनदा फिरवला, तोच खुराड्यातला हात.

“बरं झालं रे,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी एकटाच होतो.”